रॉचडेलचे सभासद

एखादी संस्था निघते तो दिवस मोठ्या उत्साहाचा असतो. घटना वाचून दाखविली जाते, अध्यक्षांची निवड होते, आणि टाळ्यांच्या गजरात पहिली वर्गणी जमते. संस्थेची खरी परीक्षा मात्र त्या दिवशी नसते. दुसऱ्या वर्षीचे पावतीपुस्तक बगलेत मारून चिटणीस दारोदार हिंडू लागतात, तेव्हा ती सुरू होते. आदल्या वर्षी ज्यांनी आपण होऊन नाव घातले, त्यांतील काही घरी सापडत नाहीत, काही पुढील महिन्याचा वायदा करतात, आणि काहींना आपण या संस्थेचे सभासद होतो याचेच विस्मरण झालेले असते. वाचनालय असो, व्यायामशाळा असो, की सहकारी भांडार असो, जुनी दप्तरे उघडून पाहिली तर गळालेल्या नावांची यादी हयात नावांच्या यादीहून बहुधा लांबच भरेल.

सभासद येतो का, याची चर्चा पुष्कळ होते; तो राहतो का, याची फारशी होत नाही. इंग्लंडातील त्या वेळच्या लँकेशायर परगण्यात, मँचेस्टरच्या उत्तरेस, रॉचडेल नावाचे कापडाचे गाव होते. तेथील काही गरीब कारागिरांनी १८४४ साली या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधून काढले. सहकारी चळवळीच्या इतिहासात त्यांचा उल्लेख ‘रॉचडेलचे अग्रदूत’ असा आदराने होतो, आणि त्यांच्या तत्त्वांची यादी सहकाराच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. पण तत्त्वांच्या यादीत त्यांचे खरे चातुर्य दिसत नाही. ते दिसते त्यांच्या हिशेबाच्या वहीत.

हे लोक अनुभवाने पोळलेले होते. त्याच गावी १८३० साली फलानेल विणणाऱ्यांनी एक सहकारी संस्था काढली होती. १८३३ साली तिने टोड लेन या रस्त्यावर दुकानही उघडले. दोन वर्षांत ते बुडाले. कारण अगदी घरगुती होते. सभासद उधारीवर माल नेत, आणि उधारी थकली की दुकानाकडे फिरकत नसत. ज्याच्याकडे बाकी अधिक तो सर्वांत आधी दिसेनासा होई. म्हणजे जे बंधन सभासदाला दुकानाशी जखडील अशी अपेक्षा होती, त्याच बंधनाने त्याला दुकानापासून पळविले. १८४४ च्या मंडळींपैकी चार्ल्स हॉवर्थ आदी काहींना त्या बुडीत दुकानाची चांगली माहिती होती.

पुढे मजुरीवाढीची मागणी फसली, आणि पुन्हा एकदा दुकानाचा विचार निघाला. संस्थापकांची संख्या अठ्ठावीस होती असे परंपरेने सांगतात. त्या सर्वांना विणकर म्हणण्याची रीत पडली आहे, परंतु त्यांत सुतार होता, जोडे शिवणारा होता, लोकर निवडणाराही होता. आठवड्याला दोन पेन्स, पुढे तीन पेन्स, अशी वर्गणी गोळा करून त्यांनी अठ्ठावीस पौंडांचे भांडवल उभे केले. त्यांच्या उद्दिष्टांचा पसारा पाहिला म्हणजे हसू येते आणि आदरही वाटतो. दुकान ही त्यांतील केवळ पहिली पायरी. त्यानंतर सभासदांसाठी घरे बांधावयाची, बेकार सभासदांसाठी कारखाने काढावयाचे, जमीन घ्यावयाची, शेवटी एक स्वयंपूर्ण वसाहत स्थापावयाची. आणि जमल्यास दारूविरहित उतारगृहही चालवावयाचे! रॉबर्ट ओवेन यांच्या विचारांची ही छाया होती. २१ डिसेंबर १८४४ रोजी सायंकाळी टोड लेनमधील एका वखारीच्या तळमजल्यावर त्यांच्या दुकानाची दारे उघडली, तेव्हा आत थोडे लोणी, थोडी साखर, सहा हंड्रेडवेट गव्हाचे पीठ, एक पोते ओटचे पीठ आणि काही मेणबत्त्या एवढाच माल होता. रस्त्यावरच्या पोरांनी थट्टा केली, आणि शेजारचे दुकानदार स्वस्थ राहिले. घाबरण्यासारखे त्यांना काही दिसले नाही.

आता त्या हिशेबाच्या वहीकडे वळावे. दुकानातील भाव बाजारभावाप्रमाणेच ठेवावयाचे, माल निर्भेळ आणि मापात पूर्ण द्यावयाचा, उधारी कोणालाही द्यावयाची नाही, आणि दर तिमाहीस जो नफा उरेल त्यातून भांडवलावर ठराविक व्याज देऊन बाकीचा नफा ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत करावयाचा, असा नियम ठरला. खरेदीच्या प्रमाणात नफा वाटण्याची ही युक्ती हॉवर्थच्या नावावर मोडते. याच्या पूर्वीही एकदोन ठिकाणी ती योजली गेली होती, परंतु तिच्यावर संपूर्ण संस्था उभी करून दाखविली ती रॉचडेलने.

यापुढची पायरी अधिक मार्मिक आहे. नवा सभासद प्रवेशासाठी एक शिलिंग भरी आणि एकेक पौंडाचे पाच भाग घेण्याचे कबूल करी. ते पाच पौंड त्याने एकदम द्यावयाचे नव्हते. आठवड्याला तीन पेन्स, म्हणजे तिमाहीस सव्वातीन शिलिंग, दिले तरी चाले. मात्र पाच पौंड पुरे होईपर्यंत त्याच्या वाट्याचा नफा व व्याज त्याच्या हाती न पडता त्याच्याच खात्यावर जमा होई. समजा, एखादे कुटुंब आठवड्याला दहा शिलिंगांचा किराणा त्या दुकानातून नेते. तेरा आठवड्यांची खरेदी साडेसहा पौंडांची झाली. पौंडामागे दोन शिलिंग वाटणी धरली, आणि १८६० च्या सुमारास ती जवळजवळ तेवढी होती, तर त्या कुटुंबाच्या खात्यावर तिमाहीस तेरा शिलिंग पडतात. सव्वातीन शिलिंगांच्या हप्त्याची ही चौपट झाली! अशा दोन वर्षांत पाच पौंड आपोआप भरतात, आणि गृहस्थाने खिशातून वस्तुतः काढलेला असतो तो एक शिलिंग. वर्गणी मागावयास त्याच्या दारी कोणी जात नाही. त्याची बायको पीठ आणावयास जाते, त्यातच वर्गणी भरली जाते.

जुन्या दुकानाची चूक येथे नेमकी उलटी केलेली आहे. तेथे सभासद दुकानाचा ऋणको होता, म्हणून तो तोंड चुकवीत असे. येथे दुकान सभासदाचे ऋणको झाले, म्हणून तो पुनःपुन्हा येऊ लागला. होलिओक या ग्रंथकाराने १८५७ च्या सुमारास या संस्थेचा इतिहास लिहून तिची कीर्ती सर्वत्र पसरविली. त्याने एका सभासदाची गोष्ट सांगितली आहे. संस्था बुडणार अशी भीती कोणी त्यास घातली, तेव्हा तो म्हणाला की, बुडाली तर ती आपल्याच पैशाने बुडेल. माझा म्हणावा असा त्यात पहिला शिलिंग तेवढा आहे, बाकी सर्व तिनेच मिळवून दिलेले आहे. अफवेला दिलेले यापेक्षा समर्पक उत्तर क्वचितच ऐकू येईल.

परंतु हे सर्व मागाहून. आरंभीची वर्षे अतिशय संथ गेली. पहिल्या वर्षअखेर सभासद होते चौऱ्याहत्तर, आणि चार वर्षांनी, १८४८ साली, ते दीडशेच्याही आतच होते. गावातील पुष्कळ कुटुंबे जुन्या वाण्याच्या उधारीत अडकलेली असल्यामुळे त्यांना दुकान बदलणेच शक्य नव्हते. काही घरच्या स्त्रियांना त्या अंधाऱ्या वखारीत जाणे कमीपणाचे वाटे. सर्वांत मोठा पेच मात्र सभासदांतच निर्माण झाला. नाव घातले आहे, वर्गणी भरली आहे, पण खरेदी दुसरीकडेच, असे काही लोक निघाले. त्यांचे भाग परत करून त्यांना संस्थेतून काढून टाकावे, अशी सूचना पुढे आली. संतापाच्या भरात कोणत्याही कार्यकारी मंडळाने मान्य करावी अशीच ही सूचना होती. आणि संख्या तुटपुंजी असताना निष्क्रियांना हाकलून उरलेल्यांवर वचक बसविण्याचा मोह तर सर्वांनाच होतो. हॉवर्थने तिला विरोध केला. सभासदाच्या स्वातंत्र्याचा त्यामुळे लोप होईल, सहकार वाढावा ही आपली इच्छा असली तरी तो सक्तीने वाढवू नये, असे त्याचे म्हणणे पडले. सूचना मागे पडली. जो खरेदी करीत नसे त्याला भांडवलावरचे व्याज मिळे, वाटणी मिळत नसे, एवढीच शिक्षा. आणि ती हिशेबच करी, कोणा माणसाला करावी लागत नसे. अशा वेळी संस्थांतून जे रुसवेफुगवे, राजीनामे आणि पत्रके निघतात त्यांची आठवण ज्यांना असेल, त्यांना या एका निर्णयाचे मोल निराळे सांगावयास नको.

१८४९ च्या नोव्हेंबरात रॉचडेलच्या सेव्हिंग्ज बँकेचा व्यवहार पाहणारा जॉर्ज हॉवर्थ नावाचा एक प्रतिष्ठित गिरणीवाला मरण पावला. आपल्या चार्ल्सशी त्याचे नावापुरतेच साम्य. त्याच्या मृत्यूनंतर बँकेच्या हिशेबात सत्तर हजार पौंडांहून अधिक रकमेची तूट निघाली. गोरगरिबांची शिल्लक एका रात्रीत नाहीशी झाली. ज्याच्या सचोटीची गावात ग्वाही दिली जाई त्याने बुडविले. ज्या दुकानाची पोरे थट्टा करीत ते मात्र दर तिमाहीस आपला जमाखर्च सर्वांसमोर वाचीत होते. त्या वर्षअखेर सभासदांची संख्या तीनशे नव्वद झाली आणि पुढील वर्षी सहाशे. संस्थेने या प्रसंगासाठी काही केले नव्हते. आपले दार उघडे आणि वही खरी ठेवली, एवढेच.

नव्या माणसांबरोबर नवे वादही आले. दुकानाच्या वरचे मजले भाड्याने घेतल्यावर तेथे वर्तमानपत्रे वाचण्यासाठी खोली सुरू झालेली होती, आणि शनिवारी रात्री मेणबत्त्यांच्या उजेडात विणकर राजकारण, धर्म, मजुरी, जे सुचेल त्यावर बोलत बसत. १८५० साली काही कर्मठ सभासदांनी हरकत घेतली. रविवारी ही खोली बंद ठेवावी आणि धर्मविषयक वाद मुळीच होऊ देऊ नयेत, असा त्यांचा आग्रह. सभेत प्रकरण बरेच तापले, आणि अखेर योग्य वेळी व योग्य रीतीने मांडलेल्या कोणत्याही विषयावर प्रत्येक सभासदाला आपले मत बोलण्याची पूर्ण मोकळीक आहे, असा ठराव झाला. १८५३ च्या सुमारास नियमांत दुरुस्ती होऊन निव्वळ नफ्याचा शेकडा अडीच भाग शिक्षणासाठी काढून ठेवावयाचे ठरले. पुढे या निधीतून दहा हजारांवर ग्रंथांचे वाचनालय उभे राहिले, शाखाशाखांतून वाचनाच्या खोल्या निघाल्या, आणि सभासदांना सूक्ष्मदर्शक यंत्रेसुद्धा घरी नेता येऊ लागली. वाटणीसाठी आलेला सभासद वर्तमानपत्रासाठी जिना चढे आणि मतदानाचा अधिकार बजावून खाली उतरे. ज्याचा एक भाग त्याला एक मत, ज्याचे शंभर त्यालाही एकच, आणि स्त्रियांनाही तेच.

एवढे बळकट बंधनसुद्धा खराब पिठापुढे सैल पडते, हेही रॉचडेलने पाहिले. १८५० साली त्यांनी धान्य दळण्याची सहकारी गिरणी काढली, पण तिचे पीठ प्रारंभी फार वाईट निघाले. आपल्याच संस्थेचे पीठ म्हणून ते गोड मानून घ्या, असा उपदेश होऊन पाहिला. तथापि भाकरी बिघडलेली गृहिणी तत्त्वज्ञानाने समजूत पटवून घेत नाही. दुकानाची वार्षिक विक्री १८५१ साली साडेसतरा हजार पौंडांच्या वर होती, ती १८५२ साली साडेसोळा हजारांच्या आत आली. गिरणी बंद करा अशी ओरड झाली, आणि जेम्स स्मिथीज वगैरे मंडळींनी धीर धरला म्हणूनच ती टिकली. कारभार सुधारला, पीठ सुधारले, आणि गिऱ्हाईक परतले.

१८६० साली सभासद झाले तीन हजार साडेचारशे. मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापूस येईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. याच काळात इकडे मुंबईत कापसाच्या भावाने सोन्याचा धूर निघत होता, शेअरबाजारात नव्या कंपन्यांची रोज भर पडत होती, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो सारा डोलारा कोसळून कित्येक नामांकित घराणी धुळीस मिळाली. त्या डोलाऱ्याचे दुसरे टोक म्हणजे रॉचडेलची बंद दारे. गावात लोकरीचा धंदाही होता, म्हणून हाल इतर ठिकाणांहून थोडे कमी झाले; तरी बेकार माणसाने साठविलेले पैसे काढून घ्यावे हे साहजिकच होते, आणि संस्थेने ते दिले. १८६१ साली तीन हजार नऊशे सभासद होते, ते १८६२ साली तीन हजार पाचशेएक राहिले. ठेव सुमारे साडेचार हजार पौंडांनी उतरली. पण दुष्काळ सरण्यापूर्वीच, १८६३ साली, संख्या पुन्हा चार हजारांच्या वर गेली. मागितले तेव्हा पैसे हाती पडले, हे ज्यांनी पाहिले ते परत येण्यास कचरले नाहीत.

त्याच १८६२ साली याच गावात एक गोष्ट घडली, ती इतकी समाधानाची नाही. मूळच्या उद्दिष्टांत सहकारी कारखान्यांची कल्पना होती. तदनुसार १८५४ साली कापडाची सहकारी गिरणी निघाली होती, आणि नफ्याचा एक हिस्सा भांडवलाला तसा एक हिस्सा तेथे राबणाऱ्या कामगारांनाही द्यावा, असा तिचा नियम होता. गिरणी भरभराटली, नवी इमारत उठली, आणि भागीदारांचा लोंढा आत शिरला. हे नवे भागीदार चोर किंवा लबाड नव्हते. दुकानाच्या वाटणीची गोडी चाखलेली, चार पैसे शिलकीत टाकलेली, अशीच माणसे त्यांत पुष्कळ होती. परंतु कामगाराला हिस्सा कशासाठी, तो तर मजुरी घेतोच, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. मते मोजण्यात आली, आणि कामगारांचा हिस्सा मोठ्या बहुमताने रद्द झाला. जुन्या मंडळींनी जिवाचे रान केले; पण एका माणसाला एक मत हा नियम त्यांचाच होता. सभासद वाढविण्याची आणि टिकविण्याची जी युक्ती त्यांनी जगाला दिली, तिनेच त्यांच्या स्वप्नातील एक मोठा भाग नियमानुसार व शांतपणे मतपेटीत पुरून टाकला. स्वयंपूर्ण वसाहतही पुढे कधी झाली नाही. उतारगृहाचे तर नावही कोणी काढले नाही.

दुकाने मात्र वाढतच गेली. १८६७ साली एकट्या रॉचडेलचे सभासद पावणेसात हजारांवर होते, आणि १९०० साली ब्रिटनमध्ये अशा भांडारांचे सभासद सतरा लाख होते. खरेदीची खूण म्हणून पत्र्याची किंवा पितळेची चकती मिळे. तिमाहीअखेर डब्यातील चकत्या मोजण्याचा दिवस घरोघर सणासारखा असे, आणि वाटणीच्या पैशांतून मुलांचे जोडे, हिवाळ्याचे कपडे निघत. या चकत्यांचा हिशेब बहुतेक ठिकाणी स्त्रिया ठेवीत, आणि त्यांच्यातूनच १८८३ साली सहकारी स्त्रियांचा संघ निघाला. या संघाच्या चिटणीस मार्गारेट ल्यूलिन डेव्हिस यांनी एक गैरसोयीचा प्रश्न पुढे आणला. वाटणी मोठी दिसावी म्हणून कित्येक भांडारे भाव चढे ठेवतात. मग ज्याला आजच एका पेनीचा चहा स्वस्तात हवा आहे, तीन महिन्यांनी मिळणाऱ्या शिलिंगाची वाट पाहण्याची ज्याची ऐपत नाही, तो या दारातून आत येणार कसा? सभासद टिकविणारे कुंपण गरिबातील गरिबाला बाहेर ठेवीत होते. १९०२ साली संडरलंड येथे दरिद्री वस्तीत थोडक्या मापाचे दुकान उघडून त्यांच्या संघाने या प्रश्नाला हात घातला. लोक आले, विक्री बरी झाली. परंतु या खर्चाने आपली वाटणी घटेल अशी धास्ती जुन्या सभासदांनी घेतली, आणि दोनएक वर्षांत तो प्रयोग आटोपता घ्यावा लागला.

हिंदुस्थानात १९०४ चा सहकारी कायदा आला तो शेतकऱ्याच्या कर्जासाठी. दुकानांना त्यात वाव मिळाला तो १९१२ च्या दुसऱ्या कायद्याने. पुढे दुसऱ्या महायुद्धातील रेशनिंगच्या दिवसांत ग्राहक भांडारे भराभर निघाली, आणि नियंत्रणे उठताच त्यांतील पुष्कळ ओस पडली. टंचाईने आणलेला सभासद टंचाईबरोबर निघून गेला. खात्यावर हळूहळू साठत जाणारे काही त्याच्या मागे उरलेच नव्हते.

खुद्द ब्रिटनमध्येही १९५० नंतर मोठमोठ्या दुकानांनी भाव उतरविले, वाटणी रोडावत गेली, आणि १९६० नंतरच्या काळात पुष्कळ ठिकाणी तिची जागा चिकटविण्याच्या तिकिटांनी घेतली. रॉचडेलची मूळ संस्था १९९१ साली एका मोठ्या संस्थेत मिसळून गेली. टोड लेनमधील ते दुकान १९३१ पासून संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे. त्या पिढीतील घरांत भांडाराच्या सभासदाचा क्रमांक लहान मुलाला पाढ्याप्रमाणे पाठ करवून घेत, कारण पीठ आणावयास धाडलेल्या पोराने तो चुकीचा सांगितला तर वाटणी शेजाऱ्याच्या खात्यावर पडावयाची. ती मुले पुढे वृद्ध झाली, त्यांची भांडारे बंद पडली. पण आईचा तो क्रमांक त्यांतील कित्येकांना न अडखळता सांगता येई.